इंगळे बाईंची तिरपी रांग

इंगळे बाई गेल्याची बातमी मला माणसाने दिली नाही, गुलाबाने दिली. अकोल्यात घराच्या ओट्यावर सकाळचा चहा घेत बसलो होतो, आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओलाचिंब गुलाब उगवला. त्याच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली बाईंचं नाव... सुमन इंगळे. चहा तसाच राहिला. चष्मा पुसून पुन्हा वाचावं म्हटलं, तर तेवढ्यात हेडसरांचा दुसरा मेसेज त्या गुलाबाच्या डोक्यावर येऊन बसला : ‘सोमवारी शोकसभा. जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. विद्यार्थी पूर्ण गणवेशात. रांगा सरळ असाव्यात.’ बाईंचं अंग अजून थंड झालं नसेल, आणि ह्या माणसाला रांगेची काळजी. आता महिना होत आला, तरी तो मेसेज मी पुसलेला नाही. राग शिळा होऊ नये म्हणून मधूनमधून उघडून वाचतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, बार्शीटाकळी तालुक्यातली. बाई भाषा शिकवत, मी गणित शिकवतो, आणि कवायतही माझ्याकडे असल्यामुळे गळ्यात शिटी असते. आमच्याकडचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेला सरडा आहे, तो एसटीच्या सावलीत बसायचा, आणि गाडी सुटली की सावलीबरोबर पुढच्या थांब्यापर्यंत पळत जायचा. तिकीट काढत नाही म्हणून कंडक्टरने त्याच्याशी भांडण केलेलंही मी ऐकलं आहे. तर अशा उन्हात, सकाळच्या शाळेला उशिरा येणाऱ्या लेकरांसाठी आमच्या हेडसरांनी एक शिक्षा काढली होती. चपला व्हरांड्याच्या पायरीवर काढायच्या आणि मैदानात झेंड्याच्या काठीपाशी अनवाणी उभं राहायचं. खाली सिमेंटचा चौथरा. नऊ वाजले की त्यावर पापड भाजून निघावा.

बाई मूळच्या नांदगाव खंडेश्वरच्या. बदली होऊन आमच्याकडे आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ही शिक्षा पाहिली. मला वाटलं, तक्रार करतील, रडतील, नाहीतर आम्ही बाकीचे करत होतो तसं खिडकीकडे पाठ करून शिकवतील. बाईंनी काय केलं, तर स्वतःच्या चपला त्या पायरीवर काढल्या आणि पोरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. हेडसर ऑफिसातून धावत आले.

“बाई, तुम्ही काहून उभ्या?”

“तुमचीच शिक्षा हाये ना सर? चांगलीच असंल. म्हणून पाहून राहिली.”

त्या दिवशी त्यांच्या पायाला फोड आले. पण बाईंनी एक शोध लावला, ज्याच्यापुढे माझी पदवी मी केव्हाही रद्दीत घालायला तयार आहे. झेंड्याच्या काठीला सावली असते. तळहाताएवढी रुंद, पण असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना त्या सावलीवर एकामागे एक उभं केलं, पाऊल पावलाला लावून. तेवढी पट्टी सिमेंटवर थंड. सूर्य सरकला की सावली सरकायची, आणि बाई हळूच म्हणायच्या, “सरका रे.” सगळी रांग बोटभर सरकायची. लांबून पाहिलं तर एक तिरपी रेघ, शाळेच्या इमारतीला फटकून, कोणत्याच भिंतीला समांतर नसलेली. मी कवायतीचा माणूस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात आपोआप शिटीकडे गेला होता...

वाचकांना वाटेल, ह्या काळात शाळेत शिक्षा? अहो, कागदावर आमची शाळा स्वर्ग आहे. वरून आदेश आला म्हणून आमच्याकडे ‘विद्यार्थी मार्गदर्शन व समुपदेशन कक्ष’ आहे. निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, बाजूला हसणाऱ्या मुलीचं चित्र. आत मोडके बाक, खिचडीच्या तांदळाच्या गोण्या आणि तीन पिढ्यांचे उंदीर. समुपदेशक म्हणून नाव इंगळे बाईंचं, किल्ली हेडसरांच्या खिशात. तपासणी असली की कक्ष उघडायचा, चटई पडायची, एखादी स्वच्छ पोरगी आत बसवून फोटो निघायचा, पुन्हा कुलूप. बाईंनी किल्ली मागून मागून सोडून दिली. ज्या लेकराला काही सांगायचं असेल ते आता मुद्दाम उशिरा यायला लागलं! काठीपाशी बाई भेटतात, हे पोरांना ठाऊक झालं होतं. कोणाचा बाप रात्री मारतो, कोणाला फळ्यावरचं दिसत नाही, कोणी उपाशी आलंय, हे सगळं त्या सावलीच्या पट्टीवर, मान न वळवता, पुढच्याच्या पाठीकडे बघत सांगितलं जायचं. हाच जिल्ह्यातला एकमेव चालू समुपदेशन कक्ष. छत आकाशाचं, भिंती नाहीत, उंदीर नाहीत.

तिथली रोजची गिऱ्हाईक म्हणजे सातवीतली रोशनी. गावात नळ येतो तो आठ-दहा दिवसांनी, आणि त्याची वेळ त्यालाही माहीत नसते. आई मजुरीला पहाटेच गेलेली, तेव्हा टाकी, ड्रम, हंडे, तपेली भरायची ती रोशनीने. ह्या मार्चमध्ये एकदा हेडसरांनी सगळ्या शाळेसमोर तिला विचारलं, “रोज रोज काहून उशीर होते तुले?”

रोशनी म्हणाली, “तुमच्या घरी बोअर हाये सर. आमच्या घरची बोअर म्हणजे मीच.”

पोरं हसली. मीही हसलो, शिटी चावून. हेडसर हसले नाहीत.

आता आठवीपर्यंत लेकराला शाळेतून काढता येत नाही, असा कायदा आहे. पण आमच्याकडे त्या कायद्याचीही पळवाट आहे. शाळा काढत नाही, पालकच ‘विनंती’ करतो. बापाला बोलवायचं, पोरगी हाताबाहेर गेली, उद्या तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं घाबरवायचं, बाबूने अर्ज लिहून ठेवलेलाच असतो, त्यावर सही घ्यायची आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा. सगळं नियमात. बाई शाळेत असत्या तर हे झालं नसतं. म्हणून हेडसरांनी दिवस हेरला. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून अमरावतीला शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं होतं. विषय होता, ‘प्रत्येक मूल शाळेत टिकवूया’. हेडसरांनी बाईंचं नाव पाठवलं. बाई तिकडे मूल टिकवायला शिकत होत्या, आणि इकडे मूल शाळेबाहेर घालवलं जात होतं!

पुढचं बाईंनी मला सांगितलं, आणि जिथे त्यांनी कमी सांगितलं तिथे मी माझं घातलं आहे. अमरावतीच्या थंडगार सभागृहात पोहे झाले, आणि ताणमुक्तीसाठी प्रत्येकाच्या हातात एक फुगा देण्यात आला. डोळे मिटा, आपल्या अडचणी फुग्यात भरा. बाईंनी पुरता भरला आणि फोन वाजला. रोशनीची आई. “बाई, सरनं पोरीचा दाखला हाती देल्ला.” बाई फुग्यासकट उठल्या, फुग्यासकट एसटीत बसल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे उन्हाने तो फुगा असा काही फुटला की ड्रायव्हरने टायर गेला म्हणून गाडी बाजूला घेतली आणि चारी बाजूंनी फिरून पाहिली. बाई म्हणाल्या, “चाला भाऊ, टायर नाही फुटला. प्रशिक्षण फुटलं.”

गावात पोचल्या तर रोशनीचा बाप पिशवी भरून दारात उभा.

“दादा, कोठी निघाले?”

“पातूरले, बहिणीच्या घरी. पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले.”

“पोरगी कितवीत हाये तुमची?”

“आता कितवीतच नाही बाई. दाखला हाती हाये.”

हे वाक्य मला सांगताना बाईंनी हातातला पेला न पिताच खाली ठेवला. मला वाटतं, त्यांच्या काळजाला पहिली चीर तिथेच गेली. पण त्या वेळी त्या बापाला म्हणाल्या, “चाला मंग, मीबी येईन. पाहुण्यायच्या पुढे बसीन, पोहे खाईन. अन् मंग सांगीन, नवरी सातवीत हाये, तिची गणिताची वही पुरी व्हाची हाये.” बाप खाली बसला. वाईट माणूस नव्हता तो, भ्यालेला होता. भीती घालणारे वेगळे होते, आणि ते पंख्याखाली होते.

दुसऱ्या दिवशी बाई रोशनीला घेऊन शाळेत आल्या. हेडसर म्हणाले, “दाखला एकदा गेला का गेला. आता ते शाळेची नाही.” बाईंनी वाद घातला नाही. चपला पायरीवर काढल्या, रोशनीच्याही काढायला लावल्या आणि दोघी काठीपाशी. “पोरगी आत येत नाही, तोवर मीबी येत नाही.” तास वाजला, सातवीचा वर्ग बाईंविना. अर्ध्या तासाने सातवीतली सगळी पोरं पायरीवर चपलांचा ढीग करून बाहेर आली आणि एकामागे एक, पाऊल पावलाला लावून उभी राहिली. सावली पुरली नाही. पण रांग तिरपीच लावली. पाण्याला निघालेल्या बाया कुंपणापाशी थांबल्या, मग बोलायला लागल्या, आणि आमच्या गावच्या बाया बोलायला लागल्या की रेडिओ आपोआप बंद होतो. दुपार व्हायच्या आत रोशनीचं नाव हजेरीत परत आलं. दाखला हेडसरांनी काढून घेतला आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला. फाडला नाही. ठेवला.

आणि बाईंना मिळाली कारणे दाखवा नोटीस. विद्यार्थ्यांना चिथावणी, शिस्तभंग. सुनावणीला जिल्ह्याला या. मी म्हटलं, बाई, मी साक्ष देतो, वाटेल ते खोटं बोलतो, माझा त्यात हातखंडा आहे. त्या हसल्या. “गावंडे भाऊ, एकडाव खरंच बोलून पाहा. लोकायले धक्का बसंल.” सुनावणीची तारीख यायच्या आधी, घरी, चहाचं आधण ठेवताना त्या कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. बरोबर आहे. आमच्या शाळेत तेवढं एकच होतं.

सोमवारी शोकसभा झाली. मैदानात मंडप, मंडपात कूलर, कूलरसमोर खुर्च्या, आणि बॅनरवर बाईंचा फोटो : ‘शिस्तप्रिय शिक्षिका’. ज्या माणसाने त्यांच्यावर शिस्तभंगाचा ठपका ठेवला, त्याच माणसाने हा शब्द छापून घेतला. नोटीस अजून मागे घेतलेली नव्हती, आजही नाही. पोरं सकाळपासून मैदानात. साहेब येता येता नऊ वाजून गेले. आणि चपला पायरीवर, कारण श्रद्धांजली वाहायची आहे, हेडसरांचा हुकूम. जी बाई लेकरांचे पाय भाजू नयेत म्हणून वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली, तिला आदरांजली म्हणून आम्ही लेकरांचे पाय भाजत होतो. मी अतिशयोक्तीसाठी प्रसिद्ध आहे, सगळं खोटं सांगायची माझी तयारी असते. हे एवढं मात्र जसंच्या तसं आहे.

साहेबांची गाडी दिसली आणि रांगा हलल्या. मला आधी कळलं नाही, काय चाललंय. पहिली-दुसरीची बारकी पोरं पुढे सरकवली जात होती, काठीच्या बुडाशी, सावलीत. त्यांच्यामागे मोठी, त्यांच्यामागे आणखी मोठी, सावली संपली तरी त्याच रेघेत. बारक्यांच्या शेवटी, जिथे सावली संपते तिथे, रोशनी उभी होती, उन्हात. बघता बघता सगळी शाळा एका तिरप्या रेघेत उभी राहिली, मंडपाला खांदा दाखवून.

हेडसर माइकवरून ओरडले, “गावंडे सर, रांग सरळ करा!”

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. शिटी तोंडात होती. नंतर मी लेखी दिलंय की आतला दाणा घशात गेल्यामुळे ती वाजली नाही. वाजवली असती तर पोरं हलली असती, माझ्या शिटीची तेवढी जरब आहे. हेडसर मंडपातून उतरून रोशनीजवळ गेले आणि साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “तुझा दाखला माझ्या खणातच हाये, याद ठेव.” आता मधे उभी राहायला बाई नव्हत्या. रोशनीचे पाय हलले नाहीत.

मग मी बूट काढले, मोजे काढले आणि रोशनीच्या मागे जाऊन उभा राहिलो.  खरं सांगतो, असा चटका बसला की भर शोकसभेत माझा बेडूक झाला. मागची पोरं खिदळली. रोशनी मान न वळवता म्हणाली, “सर, बोटं माह्या सावलीत घाला. अन् सावली सरकली का मी सांगते.” मग थोड्या वेळाने, अगदी बाईंच्या आवाजात... “सरका रे.” सगळी शाळा बोटभर सरकली.

साहेबांनी भाषणात बाईंचं आडनाव चुकवलं आणि कूलर आपल्याकडे वळवून घेतला.

परवा निकाल लागला. रोशनी आठवीत गेली. निकालाच्या दिवशी मी ऑफिसात जाऊन सगळ्यांसमोर तो दाखला मागितला. हेडसरांनी दिला नाही, तेव्हा कुंपणापाशी दोन बाया हंडे घेऊन उभ्या आहेत एवढंच सांगितलं. दिला. मी तो तिथेच फाडला. समुपदेशन कक्षाची किल्ली अजून त्यांच्या खिशात आहे. असू द्या, कक्ष बाहेर आहे. कुलूप त्याला लागत नाही, आणि सकाळी नऊला सावली कोणाच्या परवानगीने पडत नाही.

मलाही नोटीस आली आहे. साहेबांसमोर विद्यार्थ्यांची रांग वाकडी का होती, खुलासा सादर करा. बाईंचा सल्ला आठवून मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं आणि सही ठोकली : रांग सरळच होती. मंडप वाकडा होता.