तक्त्यात न बसलेली तक्रार

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत. ही मात्र अजून जशीच्या तशी आठवते.

पुण्यात तेव्हा कॉल सेंटरं आणि आयटी कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या. मी कोथरूड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना एका मुलीचा फोन आला. कंपनीच्या गाडीत मुलींना त्रास होतो, एवढंच ती बोलली. कंपनीचं नाव सांगितलं, स्वतःचं नाही. ठाणे अंमलदारांनी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी महिला हवालदारांना घेऊन कंपनीत गेलो.

व्यवस्थापक सौजन्याने वागले. त्यांनी संगणकावर गाड्यांच्या तक्रारींचा तक्ता उघडला. तारीख, गाडी, चालक, तक्रारीचा प्रकार. गाडी उशिरा आली, एसी बंद होता, रस्ता बदलला. प्रत्येकीपुढे 'निकाली'. त्रासाची एकही तक्रार नाही, असं ते ठामपणे म्हणाले.

तक्रारींचं काम पाहणारी मुलगी शेजारीच उभी होती. नागपूरची, नोकरीसाठी पुण्यात आलेली, मोजकं बोलणारी.

"सर, तक्त्यात तसा रकानाच नाही," ती शांतपणे म्हणाली. "मग तक्रार दिसणार कशी?"

मी तिला नीट सांगायला लावलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे कंपनीकडे माहिती तीन तऱ्हांनी जमते. एक, रकान्यांत बसलेली. ती झटकन मोजता येते, पण रकान्याबाहेरचं काही सांगत नाही. दुसरी ईमेलसारखी, कोणी, कोणाला, कधी पाठवलं हे ठरलेल्या जागी असतं, आतला मजकूर मात्र ज्याचा त्याचा. तिसरी म्हणजे हेल्पलाइनवर रेकॉर्ड झालेले फोन. त्यांना कसलाच साचा नाही, कोणाला तरी बसून ऐकावे लागतात. ते कोणी ऐकत नव्हतं.

मग ती कामाला लागली. तक्त्यातून 'रस्ता बदलला' एवढ्या नोंदी वेगळ्या काढल्या. त्याच तारखांचे ईमेल शोधले. तीन मुलींनी लिहिलं होतं, उद्यापासून मला दुसरी गाडी द्यावी. कारण कोणीच दिलं नव्हतं. मग कानाला हेडफोन लावून ती एकेक फोन ऐकत बसली. मी मुरलेले तपास अधिकारी पाहिले आहेत, पण अशी चिकाटी क्वचित पाहिली.

एका फोनवर ती थांबली आणि आम्हालाही ऐकवलं. गाडी भलत्याच रस्त्याने चालली आहे, असं एक घाबरलेली मुलगी सांगत होती. मागून पुरुषाचा आवाज आला, "फोन ठेवा मॅडम. कंपनीला काय सांगायचं ते मी सांगतो."

"तक्त्यात ज्या चालकाचं नाव आहे, त्याचा हा आवाज नाही," ती म्हणाली. "हे गाड्यांचे सुपरवायझर आहेत. रोज माझ्याशी फोनवर बोलतात."

तक्त्यातला चालक पुण्याजवळच्या मांजरी गावचा होता. चौकशीत आधी टाळाटाळ करत राहिला. नोकरी जाईल ही भीती होती. अखेर म्हणाला, "साहेब, गाडी तेच घेऊन जायचे. नाव माझं लावायचे. मी काय बोलणार?"

सुपरवायझर मात्र निर्धास्त होता. कागदोपत्री माझं नाव दाखवा, असं आम्हालाच सुनावत होता. मी रेकॉर्डिंग लावलं. त्याने पाणी मागितलं. त्यानंतर प्रश्न फारसे विचारावे लागले नाहीत.

पण गुन्हा उभा राहायला फिर्याद हवी होती. मी ईमेल आणि फोन करणाऱ्या मुलींची नावं मागितली, तेव्हा तक्रारी पाहणाऱ्या त्या मुलीने नकार दिला.

"आधी मी त्यांना विचारते, सर. त्या हो म्हणाल्या तरच."

माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याला ते रुचलं नाही. मला तिचं कौतुक वाटलं. दोघी तयार झाल्या, एकीने नको म्हटलं. तिचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघींचे जबाब महिला हवालदारांनी घेतले, पंचांसमक्ष रेकॉर्डिंग जप्त झालं, विनयभंगाचं दोषारोपपत्र गेलं आणि सुपरवायझरला न्यायालयात शिक्षा लागली.

पोलीस खात्यातही छापील नमुने पुष्कळ. त्यांच्याशिवाय काम चालत नाही. मात्र त्या मुलीमुळे मला एक सवय लागली. जबाब लिहून झाला, की कागद मिटण्याआधी मी समोरच्याला विचारायचो, "आम्ही विचारलं नाही, असं काही राहिलंय का?" बरेच जण नाही म्हणत. काही जण मात्र उठता उठता पुन्हा खुर्चीत बसत.