मायक्रोफोन नापास

गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणत आणि त्या नावाचा त्यांना भारी अभिमान. शास्त्रीय गाण्याची ध्वनिमुद्रणं, स्पीकर, मायक्रोफोन यांची पारख करायची हा त्यांचा धंदा. दुकानदार खोकी पाठवायचे, कानसेन ऐकायचे आणि मासिकात निकाल छापून यायचा. एकदा नापास म्हटलं, की साक्षात ब्रह्मदेव आला तरी पास नाही!

नवा मायक्रोफोन आला की परीक्षा ठरलेली. गाणं शिकवणाऱ्या बायकोला समोर बसवायचं, एक संथ आलाप गायला लावायचा, तो मुद्रित करून डोळे मिटून ऐकायचा. तिच्या गळ्यात खोट असूच शकत नाही, हे त्यांनी लग्नापासून गृहीत धरलेलं.

यंदा एका मायक्रोफोनमध्ये वरच्या षड्जावर काहीतरी खरखरलं. अगदी बारीक, भातात खडा लागावा तसं.

"भुक्कड माल," म्हणत त्यांनी खोकं परत पाठवलं.

दुसऱ्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. पण छे! कानसेनांनी वायरी बदलल्या, अॅम्प्लिफायर बदलला, खिडकीला जाड पडदे लावले. खरखर हटेना, उलट खालच्या स्वरांवरही उतरू लागली. समोर बसून ती गायची तेव्हा मात्र त्यांना काहीच खटकायचं नाही. रोज उठून तोच आवाज ऐकणाऱ्या कानाला तो कधी बदलला हे कळत नाही, पण हे कानसेनांना सांगणार कोण?

"अहो, मलाच एकदा परत पाठवून बघा," बायको हसत म्हणायची आणि हसता हसता खोकायची.

"तू गप्प बस गं. दोष यंत्राचा आहे."

तिला ते मनापासून पटायचं. भीती वाटावी ती ह्याचीच.

मग मेहुणी चार दिवस राहायला आली. टेबलावर मायक्रोफोन मांडलेला पाहून म्हणाली, "भाऊजी, मी गाऊ का?" तिच्या गाण्याचा सगळा आनंदीआनंदच! पण बायको स्वयंपाकघरात होती, तेव्हा गंमत म्हणून त्यांनी मेहुणीलाच बसवलं.

ध्वनिमुद्रण लावलं. सूर कुठल्या कुठे भरकटलेला, पण आवाज स्वच्छ. कुठेही खरखर नाही.

कानसेनांनी घाईघाईने त्याच मायक्रोफोनवरचा बायकोचा कालचा आलाप लावला. मग कपाटातून तिचा जुना आलाप काढून लावला. दोन वेगळ्या बायका गात असाव्यात असं वाटलं.

"ताईचा आवाज इतका बसलाय?" मेहुणीने विचारलं.

हात पुसत बायको बाहेर आली. "काय हो, हाही नापास?"

जन्मात पहिल्यांदा त्यांना खोटा निकाल द्यावासा वाटला. जमलं नाही.

"पास आहे," ते म्हणाले.

ती गळ्यावर हात ठेवून सावकाश खुर्चीत बसली.

"घास गिळताना दुखतं हो मला. खोकल्यातून रक्तही पडलं. डॉक्टरकडे जायला मी निघालेच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात यंत्रातच दोष आहे, आणि माझा जीव भांड्यात पडला."