ओन्नोचे चारशे

माझा भाऊ ओन्नो याने लग्न केलं नाही, विमानं केली. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात किती केली ते त्यालाही सांगता येणार नाही. मोडली किती ते मात्र मी सांगू शकेन, कारण प्रत्येक वेळी पिशवी घेऊन शेतातून तुकडे वेचायला मीच जात आले. मी थेडा, त्याची धाकटी बहीण. कालव्याच्या पलीकडे तो, अलीकडे मी. आमचा मुलूख परातीसारखा सपाट, त्यामुळे त्याच्या गोठ्याचं दार उघडं आहे की बंद हे मला स्वयंपाकघरातून दिसतं.

गोठा नुसता म्हणायला. गायी वडिलांबरोबरच गेल्या. पण दूध काढायच्या यंत्राचा पंप ओन्नोने ठेवून घेतला. विमानाच्या पंखाच्या साच्यात कार्बनचं कापड घालायचं, त्याला राळ पाजायची, वर प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि त्या पंपाने आतली सगळी हवा ओढून घ्यायची, म्हणजे कापड साच्याला घट्ट बसतं. रिमोटवरची छोटी विमानं उडवणाऱ्या आमच्या क्लबचा अध्यक्ष फोल्कर्ट स्वतः गुरं पाळतो. तो म्हणायचा, "तुझ्या भावाच्या पंखांना सायीचा वास येतो." ओन्नो जहाजाच्या कारखान्यात जन्मभर साचे केलेला माणूस; पंखावरून तळवा फिरवायचा आणि कुठे केसभर जास्त आहे ते दाखवायचा. आणि ते तिथे असायचंच.

त्याला वेगाचं वेड. क्लबच्या खोलीत एक फळी टांगलेली आहे. दरवर्षी वेगाची चाचणी होते, दोन खांबांमधून विमान एकदा जायचं, एकदा यायचं, दोन्हींची सरासरी काढायची, आणि आजवरच्या पहिल्या तिघांची नावं त्या फळीवर. सगळ्यात वर फोल्कर्ट, तीनशे अठ्ठ्याण्णव. त्याखाली ओन्नो. ताशी चारशे किलोमीटर आमच्यात कुणी गाठले नव्हते. घरी केलेल्या विमानाने, स्वतःच्या हाताने चारशे, एवढीच एक गोष्ट ओन्नोला आयुष्याकडून अजून हवी होती. माणसं काय काय मागतात. त्या मानाने हे फार नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्याने नवं विमान केलं. आधीची सगळी पांढरी होती. हे मात्र वरून लिंबासारखं पिवळं आणि खालून काळंकुट्ट.

"मधमाशी का केलीस रे ही?" मी विचारलं.

"ढगात नीट दिसते," तो म्हणाला आणि पाठ फिरवून कानस शोधायला लागला. कानस त्याच्या समोरच पडली होती. मी ती उचलून त्याच्या हातात दिली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण मी तिला गप्प केलं.

एप्रिलमध्ये विमान लावून घ्यायचं काम सुरू झालं. पहिल्या उड्डाणात पंख गुणगुणायला लागला. ते गुणगुणणं वाढलं की पंख हवेतच फाटतो, म्हणून ओन्नोने लगेच उतरवलं, फटीवर पट्टी चिकटवली, नाकात नखाएवढं शिसं वाढवलं, पुन्हा उडवलं. असं आठवडाभर. बॅटरी कोमट हवी म्हणून माझ्या किटलीची लोकरी टोपी त्याने पळवली. मी गार चहा प्यायले. माझं काम नेहमीचंच. त्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं आणि बोलत राहायचं. इतक्या वेगाच्या विमानावरून उडवणाऱ्याला नजर काढता येत नाही, म्हणून खांब आला, वळ, वारा फिरला, रस्त्यावर सायकल आहे, हे सगळं मी सांगायचं. माझ्या शाळेच्या दिवसांपासून मी हेच करत आले आहे.

आणि एक दिवस विमान पश्चिमेला लांब गेलेलं असताना ओन्नो म्हणाला, "कुठंय गं?"

हा प्रश्न त्याने जन्मात विचारला नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो विमानाकडे बघतच नव्हता, त्याच्या बरंच उजवीकडे, पवनचक्कीकडे बघत होता.

"डावीकडे! उलटं झालंय! ओढू नकोस!"

त्याने तोवर रिमोटचा दांडा ओढला होता, आणि उलटं विमान ओढलं की वर नाही, खाली जातं. विमान खाली आलं, कालवा ओलांडून फोल्कर्टच्या कालवडींच्या डोक्यावरून सूं करून गेलं, कालवडी शेपट्या वर करून चौखूर उधळल्या, आणि कसं कोण जाणे, ते पुन्हा वर आलं. त्याने ते गवतात उतरवलं.

"वारा," ओन्नो म्हणाला.

"वारा नाही. तू आवाजावर उडवत होतास."

आवाजावर उडवायचं नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं. लांबचा आवाज उशिरा येतो. कानाला जिथे विमान वाटतं तिथून ते केव्हाच एक शेत पुढे गेलेलं असतं.

माझ्याकडे चहाला बसलो. पहिला कप झाला, दुसरा झाला, त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या कपाला बोलला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो शरद ऋतूतच जाऊन आला होता. नजरेच्या मधोमध डाग पडत चालला होता, दोन्ही डोळ्यांत, आणि तो मागे हटणारा नव्हता. एखादी वस्तू बघायची तर तिच्या बाजूला बघावं लागे, मग ती कडेला दिसे.

"तुझ्याकडे पाहिलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही."

"मग बरंच झालं की," मी म्हणाले. आणि मला रडूच आलं.

"थेडा, एकदाच. जूनमधली चाचणी. मग गोठ्याला कुलूप लावतो."

"आणि दोरीच्या मागे पोरं उभी असतात त्यांचं काय? ते दगडासारखं विमान चारशेने कुणाच्या डोक्यात गेलं म्हणजे? मी फोल्कर्टला सांगणार आहे."

"सांग जा. चहाडखोर!"

त्या रागातच मी सायकल काढली. फोल्कर्टने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ गंबूट खरवडत बसला. मला वाटलं, आता नाही म्हणेल आणि माझी सुटका होईल. पण तो म्हणाला, "दोन रिमोट जोडा. आपण शिकाऊ पोरांना देतो तसे. मुख्य रिमोट तुझ्याकडे. तू खटका दाबून धरशील तोवर विमान ओन्नोचं. बोट सोडलंस की त्या क्षणी तुझं."

ओन्नोला हे कळलं तेव्हा तो भडकला. "मी शिकाऊ?"

"हो, एकाहत्तर वर्षांचं पोर," फोल्कर्ट म्हणाला. "आणि ऐक. जाताना आणि येताना, दोन्ही वेळेला बोट दाबलेलं असलं तरच तुझं नाव फळीवर. मध्ये एकदा जरी सुटलं तरी नाही. निर्णय थेडाचा. कबूल?"

ओन्नोने मान हलवली. मला कुणी काही विचारलंच नाही.

म्हणजे भावाचे चारशे माझ्या एका बोटावर आले. मे महिना मी धड झोपले नाही. मला उडवता येत होतं, पण माझं विमान फोमचं, चिमणीसारखं, रमतगमत जाणारं. ओन्नो रोज संध्याकाळी मला माळावर न्यायचा आणि मधमाशी माझ्या हातात द्यायचा. "दांडा कुरवाळू नकोस, मांजर नाही ते. थोडं! थोडंच! आता वळ!" एवढंसं बोट हललं की विमान दुसऱ्या गावाला. घरी आल्यावर मी नुसती बसून राहायचे. डोळे मिटले की दोरीमागची पोरं दिसायची, आणि उघडले की ओन्नोचं तोंड. सोडू की नको, सोडू की नको, हे भांडी घासताना, दुकानात, चर्चमध्येसुद्धा चालायचं. उगाच बोट सुटलं तर त्याचं सगळं गेलं, आणि धरून राहिले तर एखाद्याच्या पोराचं.

जूनमधला तो रविवार राखाडी उजाडला. वारा समुद्राकडून, बेताचा. दोरीच्या मागे माणसं, केकचं टेबल, बाबागाड्या. मला त्या बाबागाड्या उचलून घरी ठेवाव्याशा वाटत होत्या. ओन्नोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने बॅटरी जोडली, दोन्ही रिमोट तपासले, पंखांवरून एकदा तळवा फिरवला.

"दाब," तो म्हणाला.

मी खटका दाबला. फोल्कर्टने विमान हवेत फेकलं आणि ते किंचाळत वर गेलं.

ओन्नो विमानाच्या शेजारच्या ढगाकडे बघत उडवत होता, आणि काय उडवत होता! लांब चक्कर घेतली, उंचावरून सूर मारला. "सरळ," मी म्हणत होते, "अंगाशी घे, छान, खांब आला, खांब!" पिवळा पट्टा दोन खांबांमधून निघून गेला. बोट इतकं घट्ट दाबलं होतं की नख पांढरं पडलं. मला वाटलं, होणार. होणार हे. मी खरंच आनंदात होते.

मग वळण. "वळ," मी म्हणाले. तो वळला, पण ढगाच्या राखाडीत विमान नुसतं रेषेएवढं उरलं, आणि त्याने मान जरा कलती केली. कान त्या दिशेला केला. विमान उताणं होत दोरीच्या बाजूला सरकायला लागलं.

"ओन्नो, उजवीकडे! उजवीकडे!"

त्याचा अंगठा उजवीकडे गेला, पण उशिरा. मी बोट सोडलं.

विमान माझ्या हातात आलं तसं मी ते सरळ केलं, वर काढलं. पुन्हा दाबावं का? मी एक डोळा त्याच्या अंगठ्यांवर ठेवला. सगळं बरोबर करत होते ते अंगठे, अगदी हळुवार, अगदी त्याच्या पद्धतीने, फक्त प्रत्येक गोष्ट अर्ध्या श्वासाने मागे. मी पुन्हा दाबलं नाही. सूर मारला, खांबांमध्ये शिरले, आणि सवयीने तोंड चालूच राहिलं. "सरळ, अंगाशी घे, खांब, खांब, वर!" माझ्या प्रत्येक शब्दाला त्याचे अंगठे हलत होते. नंतर मी ते गवतात उतरवलं, तेव्हाही त्याने शेवटचा हलका ओढा दिला, बंद पडलेल्या दांड्यावर.

फोल्कर्ट मोजणीच्या टेबलाकडून धावतच आला. "चारशे सहा! बाबा रे, चारशे सहा!" दोरीमागे टाळ्या पडल्या. मग तो माझ्यासमोर उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "थेडा, बोट?"

मी बोलायच्या आत ओन्नो हसला. इतका मोकळा हसताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "तिला काय विचारतोस? वळणावर गळा फाडून ओरडली, पण सोडलं नाही पोरीनं. सोडलं असतं तर मला हातात कळलं नसतं का?"

फोल्कर्ट माझ्याकडे बघत राहिला. हो म्हणाले असते तर त्याने तेच लिहिलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"नाही ओन्नो," मी म्हणाले. "वळणावर सोडलं. येताना मी होते. उतरवलं पण मीच."

तो माझ्या कानाच्या बाजूला बघत होता, म्हणजे माझं तोंड शोधत होता.

"उतरवलं पण?"

"हो."

"मला कळलं नाही," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "थेडा, मला कळलंच नाही गं."

फोल्कर्टने टोपी काढून पुन्हा घातली. ओन्नोने गळ्यातला रिमोटचा पट्टा डोक्यावरून काढला आणि चाचपडत माझ्या गळ्यात, माझ्या रिमोटच्या वर अडकवला. मग तो वळला आणि केकच्या टेबलाकडे चालू लागला, हळूहळू, प्रत्येक पाऊल आधी गवतात चाचपून. मला धावत जाऊन त्याचा हात धरायचा होता. पण विमान तिकडे माळावर बॅटरी जोडलेलंच पडलं होतं आणि ते तसं सोडायचं नसतं, म्हणून मी आधी तिकडे गेले.