काठाला शून्य

आमचे साडू जगातले एकटेच गृहस्थ असतील, ज्यांना कुठल्याही गोष्टीची उंची ठाऊक नाही. सगळ्याची फक्त खोली ठाऊक आहे. पेठच्या आसपासच्या निम्म्या विहिरी त्यांनी खोदल्या, त्यामुळे मोजायचं ते वरून खाली, आणि तेही परसात, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापात. त्यांच्या नव्या घराची उंची विचारली, तर म्हणाले, "पत्र्यापसून खाली दोन परस." माझ्या लग्नात त्यांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत असं न्याहाळलं, की हे आता सुरुंग कुठं लावायचा ते ठरवताहेत असं मला वाटलं.

त्यांची लेक अवसरीला इंजिनिअरिंगला गेली. तिथं सुरुवातीलाच कॉम्प्युटरला आकडे देऊन साधी चित्रं काढायची होती. चौकोन, त्यावर त्रिकोण, झालं घर. हिचं घर दर वेळी उलटं पडायचं. छप्पर खाली, भिंती वर. आठवडाभरानं ती बॅग भरून परत आली. "मला न्हाई जमत. मी कॉलेज सोडते." मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मला बोलावणं आलं. मी तासभर अक्ष आणि बिंदू समजावले आणि पोरीला आणखी रडवलं.

साडू भाकरी खात ऐकत होते. "शून्य कुठाय?" त्यांनी विचारलं.

"वरच्या कोपऱ्यात," ती म्हणाली.

"अन् खाली गेलं की आकडा?"

"वाढतो."

"मग बराबर हाय की. काठाला शून्य. तू मोठा आकडा म्हंजी वर समजतीस. बाय, हितं विहिरीत उतरायचं हाय."

तिनं आकडे बदलले आणि छप्पर मुकाट्यानं भिंतींवर जाऊन बसलं. साडू हात धुऊन मला म्हणाले, "मास्तर, कॉम्प्युटर ज्यानं बनवला, त्यो आपल्याच धंद्यातला असणार." मला राग यायला हवा होता. पण आता दर वर्षी वर्गात ही गोष्ट मीच सांगतो आणि 'हे माझे सख्खे साडू' हे सांगायला विसरत नाही.

हल्ली सगळीकडं बोअर घेतात. विहिरीतला दगड वर ओढणारी साडूंची यारी गोठ्यामागं गंजत उभी आहे, आणि परस म्हणजे काय ते माझ्या वर्गात एकालाही सांगता येत नाही. पोर मात्र टिकली. आपल्या प्रोग्राममध्ये खाली जाणाऱ्या आकड्याला तिनं 'परस' हेच नाव दिलंय. दर रविवारी साडू फोन लावतात आणि खुशालीच्या आधी विचारतात, "कुठवर उतरलीस?"

"खडक लागलाय, दादा," ती सांगते. "पण ओल हाय."

मग ते फोन ठेवतात आणि गोठ्यामागं यारीपाशी जाऊन बसतात.