कोऱ्या पानावरचे आजोबा

घाटकोपरच्या आमच्या लायब्ररीत एक पद्धत होती. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिहायचं. नाव नाही, फक्त मत. "झकास", "वेळ फुकट", "प्रवासात वाचायला बरं". एका रहस्यकथेच्या तर पहिल्याच पानावर कुणा दुष्टानं खुनी कोण ते लिहून ठेवलं होतं. लायब्ररीवाले काका कुरकुरायचे, पण "कसं आहे हो हे?" असं कुणी विचारलं की स्वतःच ते शेवटचं पान उघडून पुढे करायचे.

लग्न होऊन मी तिथे राहायला आले तेव्हा पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, विक्रोळीच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरीला. डोकं तापट आणि वेड विज्ञानकथांचं. सासरचं घर दोन खोल्यांचं. सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, नवरा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये. तो पेपर मागच्या पानापासून वाचायचा आणि क्रिकेट संपलं की घडी घालायचा. सासूबाई मालवणकडच्या, सातवी शिकलेल्या. माझ्याशी बेतानं, शहरी मराठीत बोलायच्या. भाजी कुठली, नळ आला का, डबा घेतलास का. घरात माणसं चांगलीच होती, पण बोलायला कुणी नव्हतं. आठ महिन्यांत मी त्या घरात परग्रह हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता, आणि मला त्याचा जीव घुसमटण्याइतका त्रास व्हायचा.

म्हणून मी कोऱ्या पानांवर बोलायचे. आणि तिथे मला एक भांडणारा माणूस भेटला.

पहिल्यांदा भेटला तो मंगळावरच्या एका कादंबरीच्या शेवटी. मला ती कादंबरी प्रचंड आवडली होती. शेवटच्या पानावर ठसठशीत, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, "मंगळावर घरं बांधली, बाग फुलवली. पाणी किती वाजता येतं ते लेखकाने सांगितलेलं नाही. त्यांच्या घरी पाणी दुसरं कोणीतरी भरत असणार."

माझा तिळपापड झाला. ध्रुवावरच्या बर्फाबद्दल मी खाली सहा ओळी खरडल्या. पुढच्या आठवड्यात आणलेल्या पुस्तकाच्या शेवटी त्याच अक्षरात उत्तर हजर होतं. "बर्फ आहे हे समजलं. तो वितळवून हंडे कोण भरतं?"

याला मी पुढे कुठलं पुस्तक नेणार ते कसं कळलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण विज्ञानकथांची फळी जेमतेम हातभर लांबीची. वाचणारे आम्ही दोघं-तिघंच असणार आणि तो माझ्या पुढे एक पुस्तक चालत असणार, असा हिशेब मी बसवला. अक्षरावरून तो निवृत्त शिक्षक वाटला. मनातल्या मनात मी त्याला आजोबा म्हणू लागले.

आजोबा कुणालाच सोडायचे नाहीत. घरकाम करणाऱ्या यंत्रमानवाच्या कथेवर त्यांनी लिहिलं, "कपडे धुतो, स्वयंपाक करतो. पण उद्या काय करायचं हे त्याला बाईच सांगते. मग सुटका कसली?" जादूगाराच्या जाडजूड कादंबरीवर लिहिलं, "एका मंत्रात सात समुद्र ओलांडता येतात, तर चारशे पानं का चालला?" हे आठवून मला ऑफिसात एकटीच हसताना पाहून साहेबांनी विचारपूस केली होती. दर शनिवारी नवं पुस्तक घरी आणायचे, त्यात लगेच डोकवायचं नाही असा माझाच नियम होता. गोष्ट पूर्ण वाचायची, मगच आजोबा. खरं सांगते, शेवटी शेवटी मी गोष्ट आजोबांसाठीच वाचत होते.

मग ती परग्रहवासीयांच्या स्वारीची कादंबरी आली. शेवटी आजोबा म्हणत होते, "ते उतरले की लगेच तोफा. कशाला आलात, एवढं तरी कोणी विचारायला हवं होतं. दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात."

त्या दिवशी माझं आधीच बिनसलं होतं. शुक्रवारची सकाळ, ऑफिसला उशीर झालेला. मी उभ्या उभ्या खाली लिहिलं, "आजोबा, विज्ञान झेपत नसेल तर पाककृतींची पुस्तकं वाचा." पुस्तक कपाटावर ठेवलं आणि निघाले. शनिवारी लायब्ररी काही कारणानं बंद होती, म्हणून ते तिथेच राहिलं.

रविवारी दुपारी आखातातून माझे दीर आले. येताना तळहातावर मावणारा एक व्हिडिओ गेम घेऊन आले. वरून किड्यांसारखी दिसणारी यानं खाली येत राहायची आणि आपण बटण दाबून ती उडवायची. दोघे भाऊ जेवण विसरून त्यावर तुटून पडले. "अरे दाब ना, वाट लागली आपली," असं एकमेकांवर खेकसत होते. सासूबाई पोळ्यांचं ताट घेऊन मागे उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि वैतागून म्हणाल्या, "इले की घाला गोळये. अरे, कशाक इले ता तरी इचारा."

माझ्या हातातली वाटी तिथेच राहिली.

मी आत गेले. पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं. तेच अक्षर. मी आणलेलं पुस्तक मी ऑफिसात असताना वाचलं जात होतं, एवढी साधी गोष्ट मला इतके महिने सुचली नव्हती. पुरुषाचं असावं तसं अक्षर पाहून मी आजोबा उभे केले होते, आणि वर स्वतःला विज्ञाननिष्ठ समजत होते. माझी ती ओळ पाहून मला लाज वाटली. खालची जागा कोरी होती. अजून वाचलं नसेल, अशा आशेनं मी खोडरबर शोधला आणि घासायला लागले.

"पुसू नको गो," मागून आवाज आला. "शुक्रवारीच वाचलंय मी."

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी काहीतरी पुटपुटले. आई, मला माहीत नव्हतं, मला वाटलं कुणीतरी म्हातारे गृहस्थ.

"माका पयल्यापासून म्हायत होता," त्या म्हणाल्या. "आणि पाककृतींचं पुस्तक पण वाचलंय. त्यातल्या सोलकढीत मीठच नाही."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "तू बी.एस्सी. झालेली. मी काय बोलणार? लिहायला बरं वाटायचं. नाव नसतं ना." पदरानं हात पुसत त्या खाटेवर टेकल्या. "पण तेही चुकलंच माझं. दुसऱ्यांना शिकवायला निघाले, आणि तू या घरात येऊन आठ महिने झाले, तुला मीच कुठे काय विचारलं?"

बाहेर गेमची पिपाणी वाजत होती, पोळ्या गार होत होत्या. सासूबाईंनी कोपऱ्यातल्या हंड्यातून पेलाभर पाणी काढून माझ्यापुढे धरलं. मी ते पूर्ण प्यायले.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "त्या यानात माणसं तरंगतात ती का?"

मी सांगायला लागले, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांनी मला अडवलं.