पट्टीमागचा चेहरा

मुलांनो, वहिनी गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तुम्ही फोनवर पाहिलात आणि धाकट्याने लगेच विचारलं, वहिनीआजीचा फोटो त्या कोटवाल्या आजोबांच्या शेजारी का नाही लावला? घरात माणसं होती, म्हणून मी विषय टाळला. हे सगळं ठाऊक असलेली आता मी एकटीच आहे, आणि माझं वय तुम्ही जाणता. तेव्हा क्रमाने लिहून ठेवते.

तो कोटवाला माझा थोरला भाऊ, दादा. जामखेडकडच्या आमच्या गावातून नौदलात गेलेला पहिलाच. अधिकाऱ्यांचं जेवणखाण, चहापाणी बघायचं हे त्याचं काम. त्याच्या जहाजाचा कप्तान एका संस्थानिक घराण्यातला होता. दादा त्याला पत्रात 'राजेसाहेब' म्हणायचा आणि राजेसाहेबांना भाकरी आवडते, हे पुन्हापुन्हा लिहायचा. लग्नापुरती रजा काढून तो गावी आला, परत गेला आणि वर्षाच्या आत जहाजावरच्या आगीत गेला. देह समुद्राला दिला, असं तारेत होतं.

घरात त्याचा एकच फोटो होता. डेकवर उभा, पांढरा गळाबंद कोट, डोक्यावर टोपी, हातात चहाचा ट्रे. आमच्या वडिलांनी गावकीची कामं सोडली होती. गावाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून भाकरी मागणं सोडलं होतं. मला नगरला ठेवून इंग्रजी शिकवलं, तेही त्याच जिद्दीने. "ट्रे धरल्यालं पोरगं मी भितीवर टांगनार न्हाई," ते म्हणाले आणि फोटो घेऊन नगरच्या एका स्टुडिओत गेले.

तेव्हा स्टुडिओवाले गेलेल्या माणसाचं असंच करत. फोटोतलं डोकं कापून तयार कोट-टायच्या धडावर चिकटवायचं आणि वर रंग भरायचा. दादाची टोपी गेली, भांग आला. रंग उजळला, डोळे मोठे झाले, गालावरचा खड्डाही बुजला. आमच्याकडे बाबासाहेबांची तसबीर होती, तसाच निळा कोट वडिलांनी मुद्दाम सांगून घेतला. फोटो भिंतीवर चढला तेव्हा ते कितीतरी वेळ बघत उभे होते. "आता सायेब दिसतोय," एवढंच बोलले. मूळ फोटोचे उरलेले तुकडे स्टुडिओतच राहिले.

वहिनीने नवऱ्याला नीट पाहिलंच नव्हतं. नव्या नवरीने दिवसा मान वर करायची नाही आणि रात्री घरभर पाहुणे. "पाय तेवढे वळखीन मी त्यांचे, वन्सं," ती मला सांगायची. भिंतीवरच्या फोटोला ती फुलं वाहायची, पण वडील घरात नसले की हळूच म्हणायची, "ह्यो पाव्हना कोन म्हनायचा?" आई-वडील गेल्यावर मी तिला त्या फोटोसकट कोल्हारला माझ्या घरी आणलं. मी शाळेत शिकवायला जायचे आणि तुमच्या बाबांना ती सांभाळायची. दुसरं लग्न कर, असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा ती उठून चुलीकडे गेली.

गेल्या वर्षी टीव्हीवर जाहिरात लागली. त्या राजेसाहेबांच्या आयुष्यावर आणि कारकिर्दीवर माहितीपट येणार होता. जाहिरातीत जुन्या फिल्मचा एक तुकडा होता. डेकवर टेबल मांडलेलं, गोरे-काळे अधिकारी बसलेले आणि कडेने पांढऱ्या कोटातला एक माणूस डाव्या हातावर ट्रे तोलत येतोय. दादा डावरा होता. त्याची ती चाल मी कुठेही ओळखली असती. चेहरा दिसायच्या आत जाहिरात संपली.

मी वहिनीला सांगितलं. ती निवडत बसली होती ते गहू तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "हालतं-चालतं हाय?"

"हो. चालतोय."

"मंग दाखवतील म्हना की तोंड."

रविवारी दुपारी ती धुतलेलं पातळ नेसून, मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा लावून टीव्हीपुढे सतरंजीवर बसली. तुमचे आजोबा म्हणाले, "वहिनी, जरा मागं सरा, डोळे बिघडतील."

"आता बिघडून काय ऱ्हायलंय, दाजी? आनि म्या मागं सरले आन् त्ये म्होरून गेले तर?" मग मला कोपराने ढोसून म्हणाली, "त्ये नातवाच्या वयाचे असतील की हो आता. मी ही अशी. लोक काय म्हनतील!"

माहितीपट राजवाड्यापासून सुरू झाला. शिकार, पोलोचे घोडे, विलायतेतली शाळा. "लई घोडी हायेत यांच्याकडं," वहिनी म्हणाली. "जहाजावर कुठं बांधायचे?" मग पहिलं जहाज, लढाई, पदकं. निवेदकाचा आवाज भारदस्त होता. इंग्रजीतलं मी तिला मराठीत सांगत होते, ती मान हलवत होती. आणि ते टेबल आलं.

दादा ट्रे घेऊन, मान खाली घालून आला. राजेसाहेबांच्या शेजारी वाकला. त्याच क्षणी पडद्याच्या खालच्या भागात राजेसाहेबांच्या नावाची पट्टी आली. घराण्याच्या पदव्या मोठ्या, त्यामुळे पट्टी दोन ओळींची होती. ती बरोबर दादाच्या तोंडावर बसली. तो कप ठेवेपर्यंत राहिली. पट्टी गेली तेव्हा तो वळलेला होता. त्याची पाठ दिसली, ती दारातून आत गेली आणि पुढच्या चित्रात राजेसाहेब कुणाशी तरी हात मिळवत होते.

"कुठं हायेत?" वहिनीने विचारलं.

"गेला."

"माज्याकडं बघितलंच न्हाई," ती म्हणाली.

पट्टीशिवायची फिल्म मिळेल, अशी मला आशा होती. मी चॅनेलला इंग्रजीत व्यवस्थित पत्र लिहिलं, तुमच्या बाबांनी तिकडून मेल केले. शेवटी एका बाईंचा फोन आला. बोलायला फार सभ्य. फिल्म राजेसाहेबांच्या घराण्याकडून आली होती. ती इतकी कुजलेली होती की मशीनवर एकदा चालवली आणि चिकटून तिचा लगदा झाला. संगणकावरची कच्ची प्रत काम संपल्यावर पुसली होती. कार्यक्रमात आहे तेवढंच शिल्लक होतं, तेही पट्टीसकट. "चहा देणारा माणूस तुमचा कोण?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओह, सॉरी."

हे ऐकून वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी तर पाह्यलंय त्यांना. लहानपनापसनं. सांगा की, कसं हुतं तोंड?"

मी डोळे मिटले. निळा कोट आला. भांग आला, ते मोठे डोळे आले. पुन्हा पुन्हा तेच. गालावर खड्डा होता, एवढं मला शब्दांत ठाऊक आहे. कुठल्या गालावर, ते मात्र दिसेना. इतकी वर्षं रोज भिंतीवर बघून स्टुडिओतलाच माणूस माझ्या डोक्यात बसला होता.

"मला नाही आठवत, वहिनी."

ती रागावली नाही. "मंग आपुन दोगी सारक्याच," म्हणाली आणि दिवा लावायला उठली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, आणि फुलंही वाहिली नाहीत. ती गेल्यावर दोघांचा जोडीने फोटो करून देतो, असं स्टुडिओवाल्याने सुचवलं. ज्याला ती आयुष्यभर पाहुणा म्हणाली, त्याच्या शेजारी मी तिला बसवू शकले नाही.

तुमच्या आजोबांनी त्या रविवारी मोबाईलवर टीव्हीचं चित्र घेतलं होतं. तेवढा तुकडा या पत्रासोबत पाठवते. त्यात एका तरुण माणसाची पाठ आहे आणि तो दारातून आत जाईपर्यंत दिसते.