शून्य पॉइंट एक

गाडीच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो, हे तो पेटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. शाळा सुटल्यावर नंदाखालहून वटारला घरी येत होते, तेव्हा तो लागला. गाडी अंगणात आणली, बंद केली, पुन्हा चालू केली. दिवा तसाच. कुणाला तरी सांगावं म्हणून घाईने पायरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. वडील जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. घरात सांगण्यासारखं कोणी नव्हतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. लग्न केलं नाही; ठरवून नाही, राहूनच गेलं. आई आधीच गेली होती. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी गाडी शिकले आणि ही जुनी गाडी घेतली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आठवड्यातून तीन दिवस, शाळा आटपून, त्यांना वसईला घेऊन जायचं. ते शेजारच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, बांधकामांच्या. एखादी नवीन पाटी दिसली की खूश व्हायचे. डायलिसिसला चार तास लागत. तेवढ्या वेळात मी गाडीत बसून मुलांच्या वह्या तपासायची. दमायला व्हायचं, पण आठवडा भरलेला असायचा.

दिव्याचं मी आधी बहिणीला फोनवर सांगितलं. ती पुण्याला असते. "विकून टाक ना आता," ती म्हणाली, "तुला कशाला लागते गाडी?" तिचं चुकलं नव्हतं. शाळा घरापासून अडीच किलोमीटर. चालतही जाता आलं असतं.

मोठ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं, दोन बटणं दाबली, दिवा गेला. "पेट्रोल खराब असेल, मॅडम. पंप बदला." मी पंप बदलला. चौथ्या दिवशी दिवा परत आला. आता गाडी उभी असताना थरथरायची, मागून काळा धूर यायचा, आणि पेट्रोल इतकं झरझर संपायचं की काटा बघायची भीती वाटायची. साडीलासुद्धा पेट्रोलचा वास यायला लागला. वर्गात एका मुलीने विचारलंच, "बाई, तुम्ही पंपावर कामाला जाता का?"

शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी वसईतल्या पापडीच्या एका मेकॅनिकचा पत्ता दिला. "बोलतो कमी, पण अंदाजाने काम करत नाही," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी गेले. त्यांचं गॅरेज म्हणजे घरापुढचं पत्र्याचं छप्पर. साठीच्या आसपासचा, जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस एकटाच काम करत होता. भिंतीवर क्रूस आणि त्याखाली ओळीने टांगलेले पाने. मी शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला 'टीचर' म्हणायला सुरुवात केली, आमच्याकडे चर्चच्या शाळांतून म्हणतात तसं.

"आधीच्या माणसाने पेट्रोल खराब असेल म्हणून सांगितलं आणि दिवा घालवला," मी म्हटलं.

"दिवा घालवणं सोपं आहे, टीचर. तो का लागला ते बघायला पाहिजे."

त्यांनीही तसंच यंत्र जोडलं, पण बटण दाबलं नाही. यंत्र माझ्या हातात दिलं आणि मला गाडीत बसवलं. "मी पुढे काम करतो. हा आकडा मला मोठ्याने वाचून दाखवायचा. थांबायचं नाही."

इंजिनातून धूर ज्या नळीतून बाहेर जातो, त्या नळीत ऑक्सिजनचा एक सेन्सर बसवलेला असतो, हे त्यांनी मला बॉनेटवर वाकल्यावाकल्या सांगितलं. धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. ऑक्सिजन जास्त उरला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, कमी उरला म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. म्हणून आकडा सारखा खालीवर व्हायला हवा. शून्य पॉइंट एक म्हणजे पेट्रोल कमी, मग नऊ म्हणजे जास्त, मग पुन्हा एक.

"वाचा."

"शून्य पॉइंट एक," मी वाचलं. "शून्य पॉइंट एक. शून्य पॉइंट एक."

"मोठ्याने."

मी वर्गात पाढे म्हणवून घेते तशा आवाजात वाचायला लागले. आकडा हलतच नव्हता. सेन्सर सांगत होता की पेट्रोल कमी आहे, आणि मागून तर काळा धूर येत होता. त्याच्यावर विश्वास ठेवून कॉम्प्युटर आणखी आणखी पेट्रोल ओतत होता.

"मग सेन्सर खराब?" मी विचारलं.

"असेल. नसेलही. नळीला भोक असेल तर बाहेरची हवा आत येते, तेव्हाही हाच आकडा येतो. वायर तुटली असेल तरी येईल."

त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरलं आणि नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी टाकून बघितलं. कुठे बुडबुडे आले नाहीत. मग सेन्सरची वायर सोडवून मीटर लावला. वायर धड होती, ती परत जोडली. शेवटी इंजिनाच्या हवेच्या वाटेत पेट्रोलसारखा जळणारा कसलासा स्प्रे थोडासा मारला. इंजिन गुदमरल्यासारखं झालं. "आता आकडा वर उडायला पाहिजे. वाचा!"

"शून्य पॉइंट एक," मी ओरडले. "अजून एकच!"

त्यांनी इंजिन बंद केलं. "आता सेन्सर खराब."

अर्धा तास मी आकडे ओरडत होते. घसा दुखत होता. शाळेबाहेर इतका वेळ माझा आवाज कुणी ऐकून घेतला, असं बऱ्याच महिन्यांनी घडलं होतं. ते मला गाडीत बसल्याबसल्या कळलं आणि उगाचच रडू येईलसं वाटलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

इंजिन निवल्यावर त्यांनी सेन्सर काढून माझ्यापुढे धरला. बोटाएवढी वस्तू. टोक काजळीने मखमलीसारखं काळं झालं होतं.

"गाडी रोज कुठे नेता?"

"शाळेत. अडीच किलोमीटर."

"आणि सुट्टीला?"

"सुट्टीला उभी असते."

"बाजारात, लग्नाबिग्नाला, कुठे पाहुण्यांकडे?"

"नाही."

त्यांनी बोटाने टोकावरची काजळी खरवडली. मी विचारलं, "त्याचा काय संबंध?"

"इंजिन नीट तापतच नाही. तापलं की काजळी जळून जाते. तुम्ही तापायच्या आत बंद करता. कधीपासून असं?"

"वडील गेल्यापासून," मी म्हटलं. "आधी वसईला यायचो. आता यायचं काही कारण नाही."

हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं, बहिणीलाही नाही. एका अनोळखी माणसाला, गाडीच्या भागाविषयी बोलताना, सांगून बसले. त्यांनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही. फक्त मान हलवून म्हणाले, "बरोबर. तेवढाच वेळ लागतो काजळी धरायला." त्यांनी सहज, कामातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि मला त्यातच बरं वाटलं.

नवा सेन्सर यायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस मी शाळेत चालत गेले. बुधवारी दुपारी एसटीने पापडीला पोचले तर सेन्सर बसवून झाला होता. पण ते गाडी द्यायला तयार नव्हते. "पळवून बघायला पाहिजे. तुम्ही चालवा, मी आकडा बघतो."

ते डाव्या बाजूचं दार उघडून आत वाकले. ती सीट पार मागे सरकवलेली आणि पाठ तिरकी केलेली होती. डायलिसिसनंतर वडिलांना सरळ बसवत नसे. त्या सीटवर त्यांच्यानंतर कोणी बसलं नव्हतं; मी पर्सही मागे ठेवायची.

"सीट सरळ करू?" त्यांनी विचारलं.

मी त्या तिरक्या पाठीकडे बघितलं. ते यंत्र हातात घेऊन वाकलेलेच राहिले.

"करा," मी म्हटलं.

खटका कर्कश वाजला. सीट उभी राहिली.

अंबाडी रोडने उड्डाणपूल ओलांडून आम्ही वसई फाट्यावर हायवेला लागलो. हायवेवर मी पहिल्यांदाच गाडी घातली होती. ट्रक जवळून गेला की माझे खांदे वर जायचे. "दाबा, टीचर, घाबरू नका," ते म्हणत राहिले, आणि मग आकडे वाचायला लागले. "आठ. दोन. सात. एक. नऊ. हां, असं पाहिजे." थरथर गेली होती. गाडीला इतकी ओढ आहे हे मला माहीतच नव्हतं.

परत फिरायच्या आधी एका टपरीवर चहा घेतला. ते म्हणाले, "मीपण ह्या बाजूला कितीतरी महिन्यांत आलो नाही. लोकांच्या गाड्या पळवतो, त्या पापडीतल्या पापडीत." आम्ही दोघं हसलो. चहा संपेपर्यंत बसलो.

किल्ली देताना ते म्हणाले, "आठवड्यातून एकदा अर्धा तास लांब न्या. नाहीतर हा सेन्सरही मरेल."

"कुठे नेऊ?"

"कुठेही. गाडीला काय कळतंय?"

म्हणून आता रविवारी सकाळी मी निघते. पहिल्या रविवारी विरार फाट्यापर्यंत जाऊन वळले. रस्ताभर स्वतःशीच बोलत होते, हे घरी आल्यावर लक्षात आलं. कोणी भेटायला नसताना बाहेर पडणं वाटलं होतं त्याहून अवघड आहे. आंघोळ करून, चांगली साडी नेसून, कुलूप लावताना दर वेळी एकदा वाटतं, कशाला?

गेल्या रविवारी वैतरणेचा पूल ओलांडून एका ढाब्यापुढे थांबले. मिसळ खाल्ली. बाहेर एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातल्या बाईने मला विनंती केली, म्हणून त्या सगळ्यांचा फोटो मी काढून दिला. दोनदा, कारण लहानगं हललं. फोन परत घेताना ती म्हणाली, "मावशी, तुमचा काढू का?"

मी नाही म्हणणार होते. पण माझा फोन तिच्या हातात दिला आणि गाडीच्या दाराला टेकून उभी राहिले. फोटोत माझे डोळे उन्हाने बारीक झालेत, आणि मागे बराच मोकळा रस्ता दिसतो. बहिणीला पाठवावा असं रोज मनात येतं. अजून पाठवलेला नाही.